कोतवाल बुकातला शेजारचा रकाना

सध्या एक मजकूर फिरतोय: ‘दोन महायुद्धांच्या मधल्या काळात आपल्या खेड्यांत साथींवर कुणाची नजरच नव्हती. गाव ओस पडल्यावर सरकारला कळायचं. नोंदी नाहीत, असल्या तर खोट्या.’ (नाहीत की खोट्या, एक काहीतरी ठरवा.)

नोंदी आहेत. कुणबी नोंद शोधायला लोक मोडीचा जाणकार गाठून ज्या कोतवाल बुकावर वाकतात, ते गाव नमुना नंबर १४, म्हणजे मुळात गावचं जन्ममृत्यूचं रजिस्टर. जातीच्या रकान्यावरून नजर जरा सरकवा. मरणाचं कारणही सापडतं: ताप, पटकी (कॉलरा), देवी, हगवण. मुंबई इलाख्यात ही नोंद पोलीस पाटलाकडे असे. आकडे तालुक्यामार्गे वर जात आणि सरकारी वार्षिक अहवालात रोगवार छापले जात.

‘उशिरा कळायचं’ हे तर प्लेगच्या बाबतीत अगदीच उलटं. घरात उंदीर पडायला लागले की म्हाताऱ्या बायाच सांगायच्या, आता बाहेर पडा. गाव माळावर झोपड्या घालून राही. हा नुसता अनुभव नव्हता. उंदरांत प्लेग आधी येतो आणि माणसांत काही दिवसांनी, हे मुंबईत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच प्रयोगांनी सिद्ध झालं होतं. शहरात उंदीर गोळा करून, कापून तपासले जात. १९२५ मध्ये हाफकिन संस्था हे नाव मिळालेली परळची प्रयोगशाळा याच कामातून वाढली. त्याच वर्षी राष्ट्रसंघाचं (लीग ऑफ नेशन्सचं) साथरोग केंद्र सिंगापुरात सुरू झालं आणि आशियातल्या बंदरांतल्या साथींच्या बातम्या दर आठवड्याला तारेने तिथे जमू लागल्या. संगणक नव्हता, तार होती.

राहिलं ‘खोट्या’. इथे थोडं मान्य करतो. पाटील काही डॉक्टर नव्हता. हिवताप, विषमज्वर, कधी क्षयसुद्धा, सगळं ‘ताप’ या एका शब्दात बसे. लोक मरण लपवतही. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या वेळी गोऱ्या शिपायांनी घरांच्या झडत्या कशा घेतल्या, हे कुणी विसरलं नव्हतं. म्हणून ‘ताप’चा आकडा जपूनच वापरावा. पण उलट्या-जुलाबांनी एकाच आळीतली माणसं आठवड्यात पटापट गेली, तर त्याला पटकी म्हणायला पदवी लागत नव्हती.