बॉब युकरचे १४ होम रन

सहा मोसम, २९७ सामने, १४ होम रन (म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर टोलवणं), बॅटिंगची सरासरी .२००. बॉब युकर या अमेरिकन बेसबॉल कॅचरची मेजर लीगमधली, म्हणजे तिथल्या सर्वोच्च स्तरावरची, कारकीर्द एवढीच, १९६२ ते १९६७. याच तोकड्या आकड्यांवर विनोद करत तो पुढे आयुष्यभर लोकांना हसवत राहिला. मला हा माणूस मनापासून आवडतो.

मुळात बेसबॉल हा हुकण्याचाच खेळ. दहापैकी तीनदा हिट मारणारा, म्हणजे चेंडू टोलवून बेस गाठणारा, थोर गणला जातो, युकर दोनदा मारायचा. म्हणून त्याचे विनोद ऐकून कुणी "किती नम्र बिचारा" म्हटलं की मला ते पटत नाही. बिचारा कसला? त्याला हा खेळ आतून कळला होता.

१९६५ मध्ये त्याने सँडी कूफॅक्सच्या चेंडूवर होम रन मारला. कूफॅक्स म्हणजे त्या काळातला सर्वांत भेदक डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. दुसऱ्या कुणी हा किस्सा छाती फुगवून सांगितला असता. युकर सांगायचा, आता माझ्यामुळे कूफॅक्सला हॉल ऑफ फेममध्ये, बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत, घेणार नाहीत, अशी मला भीती वाटली! ऐकणाऱ्याच्या मनात कूफॅक्स आणखी मोठा होतो. मला यातला दिलदारपणा फार भावतो.

पिचर फिल नीक्रोच्या नकलबॉलचंही तसंच. हा चेंडू जवळजवळ न फिरता डुलत येतो, आयत्या वेळी कुठे वळेल ते टाकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. बॅटरच्या मागे बसून तो पकडणाऱ्या कॅचरचे हाल! १९६७ मध्ये युकरच्या हातून इतके चेंडू सुटले की 'पास्ड बॉल'च्या यादीत तो लीगमध्ये पहिला आला. नकलबॉल पकडायचा कसा, तर तो घरंगळायचा थांबला की उचलायचा, असं तो सांगे. नकलबॉल किती अवघड असतो हे मला या उत्तराने जेवढं कळलं, तेवढं कुठल्याही विश्लेषणाने कळलं नाही.

१९७१ ते २०२४, तब्बल ५४ मोसम, त्याने आपल्या जन्मगावच्या संघाचं, मिलवॉकी ब्रूअर्सचं, रेडिओवर समालोचन केलं. २००३ मध्ये हॉल ऑफ फेमने समालोचनासाठीचा फोर्ड फ्रिक पुरस्कार दिला. १६ जानेवारी २०२५ ला तो गेला, नव्वदाव्या वर्षी.

मिलवॉकीच्या स्टेडियममध्ये त्याचा एक पुतळा अगदी वरच्या, शेवटच्या रांगेत बसवलाय, जिथून खेळ धड दिसतही नाही. शेजारची खुर्ची रिकामी आहे. लोक तिथवर चढून जातात आणि त्याच्याजवळ बसतात. मलाही एकदा तिथे बसायचंय.