सिनेमॅटोग्राफी कमी पडली म्हणे!

"सिनेमॅटोग्राफी जरा कमी पडली," म्हणे.

कुणाला कमी पडली? तर आमच्या नणंदेच्या मिस्टरांना. रविवारी बारशाच्या पंगतीत डाव्या हाताने मोबाईल सरकवत आणि उजव्या हाताने मसालेभात कालवत ते हे अशा थाटात बोलले की शेजारच्या दोघांनी लगेच माना डोलावल्या. विषय होता गेल्या महिन्यात लागलेला एक मराठी सिनेमा. नाव सांगत नाही, बिचाऱ्याचे आधीच पुरेसे हाल झालेत. मी तो थिएटरात जाऊन पाहिलाय. अख्ख्या दिवसात शो एकच, सकाळी साडेदहाचा, म्हणून हाफ डे टाकून पाहिलाय. त्यामुळे जिलेबीचं ताट हातात घेऊन मी जागच्या जागी थांबले आणि विचारलं, "भाऊजी, तुम्ही कुठे पाहिलात?"

"अहो, ऑफिसातल्या एकाने लिंक पाठवली. लोकलमध्ये उरकला. अर्धा जाताना, अर्धा येताना."

उरकला. भाजी निवडावी तसा उरकला.

तिथेच गप्प बसले असते तर पंगत सुखाने उठली असती. पण मी म्हटलं, "नेमकं काय कमी पडलं?" झालं. भाऊजींना कुणी मत विचारलं की ते आधी चमचा खाली ठेवतात. म्हणाले, "एक तर रात्रीचे सीन दिसतच नाहीत. आवाज दबलेला आहे. आणि डायलॉग सगळ्यांनी इतक्या घाईत म्हटलेत की इमोशन पोचतच नाही." वर पुरावा म्हणून त्यांनी तिथेच तो सिनेमा मला फोनवर लावून दाखवला.

मी तुम्हाला सांगते, मी काय पाहिलं. कुणीतरी थिएटरात मांडीवर फोन उभा धरून केलेलं ते रेकॉर्डिंग होतं. पडद्याची डावी कड कापलेली. वरच्या बाजूला सट्टा लावायच्या कुठल्याशा ॲपची जाहिरात सरकत होती. त्यात एक प्रसंग आहे, म्हातारी कंदील घेऊन विहिरीच्या पायऱ्या उतरते आणि तिचा फक्त अर्धा चेहरा उजळतो. थिएटरात त्या वेळी मी श्वास रोखून बसले होते. भाऊजींच्या फोनवर तिथे एक काळा चौकोन होता आणि चौकोनाच्या मधोमध पुढच्या रांगेतल्या कुण्या गृहस्थाचं टक्कल. म्हातारी रडायला लागते नेमकी तेव्हा ते टक्कल उठलं, डावीकडे गेलं आणि थोड्या वेळाने पॉपकॉर्न घेऊन परत आलं. आवाज दबलेला, कारण रेकॉर्डिंग करणाऱ्याच्या शेजारचा माणूस वेफर्स खात होता. आणि डायलॉग घाईत म्हटलेत ते का? तर स्क्रीनच्या कोपऱ्यात लिहिलेलं होतं १.५एक्स. दीडपट वेगाने! आयुष्यभर रंगभूमीवर घासून आलेली ती बाई एकेका वाक्याआधी थांबते, तिच्या त्या थांबण्यावर अख्खा सिनेमा उभा आहे, आणि हे म्हणतात पॉज नाहीत. अहो, तुम्ही खाल्लेत ते पॉज! दादर ते कल्याणच्या दरम्यान!

कायदा आहे हो यावर. २०२३ साली सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती झाली. थिएटरात चोरून रेकॉर्डिंग करणाऱ्याला ३ महिने ते ३ वर्षं कैद आणि किमान ३ लाखांचा दंड. पण ते रेकॉर्डिंग बघून सिनेमॅटोग्राफीवर मत देणाऱ्याला काय शिक्षा? त्याला मी स्वतःच्या हाताने जिलेबी वाढत होते.

मग मी बोलले. काय बोलले ते सगळं आता आठवत नाही. छायाचित्रण, प्रकाशयोजना, थिएटरमालकांचं गणित, पहिल्या आठवड्याचं कलेक्शन असं काहीबाही बोलले. एवढं आठवतंय की बोलता बोलता हातातल्या चिमट्याने मी हवेत फ्रेम आखून दाखवत होते आणि पाक एका आजोबांच्या धोतरावर ठिबकत होता. बाळ उठून रडायला लागलं. नणंदबाई आतून म्हणाल्या, "वहिनी, मठ्ठा राहिलाय." घरी येताना रिक्षात नवऱ्याने फार शांतपणे विचारलं, "तुझे पैसे लागलेत का त्या सिनेमात?" लागलेत. तिकिटाचे. शिवाय इंटरव्हलच्या सामोशांचे, जे तिकिटाहून महाग होते.

पण भाऊजींचं खरं ब्रह्मवाक्य यायचं होतं. हात धुताना ते म्हणाले, "मराठीत हल्ली काही दमच नाही. मल्याळम बघा, कसले रिअलिस्टिक सिनेमे करतात." हे मल्याळम सिनेमे ते बघतात हिंदीत डब केलेले, ज्यात केरळातला कोळी गाझियाबादच्या रिक्षावाल्यासारखा बोलतो. ते रिअलिस्टिक! आणि हेच भाऊजी २०१५ साली आमच्याबरोबर 'कोर्ट' बघायला आले होते. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालाय म्हणून आले होते. पंधराव्या मिनिटाला कानाशी येऊन म्हणाले, "कॅमेरा हलत का नाही? बिघडलाय का?" ज्यांनी पाहिलाय त्यांना ठाऊक आहे, शेवटाकडे कोर्टाला सुट्टी लागते, दिवे बंद होतात आणि पडदा काळा होतो. झालं! अर्धं थिएटर उठलं. चपला शोधायला मोबाईलचे टॉर्च लागले, पोरांना हाका सुरू झाल्या, कुणीतरी "काय दाखवलं काय नेमकं?" असं मोठ्याने विचारलं. आणि सिनेमा परत सुरू झाला. न्यायाधीश सहलीला गेलेत, तो सगळा भाग अजून बाकी. मी तो भाग लोकांच्या पाठींमधल्या फटीतून पाहिला. भाऊजी तोवर पार्किंगमध्ये पोचले होते. नंतर वडापाव खाताना त्यांचं मत काय? "शेवट अर्धवट वाटला." हाच सिनेमा मल्याळममध्ये असता तर त्याच न हलणाऱ्या कॅमेऱ्याचं यांनी चार लग्नांत कौतुक केलं असतं.

दुसरी जमात लॉजिकवाल्यांची. हिरोईनच्या फोनला जंगलात रेंज कशी आली, एवढंच घेऊन दोन तास बसणारे. १९८८ च्या 'अशी ही बनवाबनवी'त दोन धडधाकट पुरुष साडी नेसून पुण्यात भाड्याने राहतात. त्यातला एक लक्ष्मीकांत बेर्डे! आणि घरमालकिणीला पत्ता लागत नाही. हे चालतं. चाललंच पाहिजे, मलाही तो सिनेमा पाठ आहे, टीव्हीवर लागला की गॅसवरचं दूध ओटीवर आलं तरी मी उठत नाही. मग नव्या पोरांनी काही केलं की लगेच लॉजिक कुठून आठवतं?

सिरियलचं तर बोलूच नका. "आम्ही नाही बाई बघत असलं काही" म्हणणाऱ्या माणसाला कालच्या भागात कुणी कुणाच्या दुधात काय कालवलं ते तारीखवार माहीत असतं. 'होणार सून मी ह्या घरची'मध्ये जान्हवीचं बाळंतपण लांबलं तेव्हा महाराष्ट्रातल्या झाडून सगळ्या पुरुषांनी महिने मोजले होते. न बघता कसे मोजले? आमच्या ऑफिसातले साहेब, जे फक्त बातम्या बघतात, तेसुद्धा सकाळी विचारायचे, "झाली का हो ती?"

पुस्तकांना वाटलं असेल आपण सुटलो. नाही. भाचीला वाढदिवसाला पुस्तक द्यायचं म्हणून परवा ऑनलाइन शोधत बसले. एका चांगल्या कादंबरीला एक तारा. एकच! मी घाबरून उघडून बघितलं, काय लिहिलंय. 'कोपरा दुमडलेला आला.' त्याखाली दुसरा: 'अक्षर बारीक आहे, आईला वाचता येत नाही.' तिसऱ्याने पाच तारे दिलेत आणि लिहिलंय, 'अजून वाचलं नाही पण पॅकिंग छान.' म्हणजे कादंबरीची सरासरी ठरवतोय कुरिअरवाला. लेखकाने आयुष्याची आठ-दहा वर्षं घालून ती लिहिली, त्यापेक्षा पुठ्ठा नीट लावून घेतला असता तर बरं झालं असतं.

आणि 'कोसला'वाले! १९६३ पासून नेमाड्यांची ही कादंबरी लोक न वाचता तिच्यावर बोलतायत. यांचे दोन पंथ. पहिला म्हणतो, "तीस पानांपुढे गेलो नाही, पण ओव्हररेटेड." दुसरा तीस पानांपर्यंतही जात नाही, फक्त बोलताना तिच्या नायकासारखा, पांडुरंगसारखा, प्रत्येक वाक्यात 'उदाहरणार्थ' घुसडतो, जेणेकरून समोरच्याने समजून घ्यावं. आमच्या ओळखीत असे एक आहेत. वडा मागवतानाही 'उदाहरणार्थ' म्हणतात. मी एकदा सरळ विचारलं, पांडुरंगच्या धाकट्या बहिणीचं काय होतं? म्हणाले, "लग्न होतं ना?" मनीचं! देवीच्या रोगाने दगावलेल्या त्या लेकराचं यांनी लग्न लावून दिलं! मी चहा तसाच ठेवून उठले. ज्याने तो भाग वाचलाय, त्याच्याकडून हे विसरलं जाणं शक्य नाही.

पण या सगळ्यांवर कडी करतात ते जुन्या नाटकांचे साक्षीदार. आज कुठलंही नवं नाटक बघून बाहेर या, पायऱ्यांवर एक जण हमखास उभा असतो. "काय राहिलंय हो आता? आम्ही 'अश्रूंची झाली फुले'तला घाणेकरांचा लाल्या पाहिलाय." यांच्याकडे बघितलं तर वय पंचेचाळीस. परवाचा जो भेटला तो बहुधा त्याहूनही लहान होता, केस तरी काळे होते. काशिनाथ घाणेकर १९८६ च्या मार्चमध्ये गेले. तेव्हा हा माणूस फार तर बालवाडीत डबा सांडत असेल. याने लाल्या पाहिला तो २०१८ साली, मल्टिप्लेक्समध्ये, घाणेकरांवरच्या सिनेमात, आणि तो लाल्या होता सुबोध भावे. सुबोध भावेंनी आपल्या महाराष्ट्रावर काय उपकार करून ठेवलेत याची त्यांना कल्पना नसेल. पडद्यावर २०११ मध्ये ते बालगंधर्व झाले, २०१५ मध्ये टिळक झाले, २०१८ मध्ये घाणेकर. त्यामुळे एका अख्ख्या पिढीला आता बालगंधर्वांचं लाजणं आणि टिळकांचं गरजणं प्रत्यक्ष पाहिल्यासारखं आठवतं. एका लग्नात मला एकाने टिळकांचा आवाज कसा होता तेही सांगितलंय.

या पायरीवरच्या गृहस्थांना मी म्हटलं, "दादा, घाणेकर गेले तेव्हा तुम्ही केवढे होतात?"

जराही न अडखळता म्हणाले, "वडिलांच्या मांडीवर बसून पाहिलंय."

"रात्रीचा प्रयोग, मांडीवर, आणि एन्ट्री आठवते?"

"एन्ट्री नाही हो. शिट्ट्या आठवतात."

त्या शिट्ट्या मीही ऐकल्यात, डॉल्बीमध्ये, तिकीट काढून.