काळं मशीन जन्माचं, पांढरं चार दिवसांचं?

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. एकदा तर माझ्या जावेनेच पाठवला, वर "तू बघ गं जरा, खरं का हे?" असं विचारून. मथळा असा: "शिलाई मशीन घेताय? थांबा!" खाली सहा मुद्दे. पांढरी ऑटोमॅटिक मशिनं आतून प्लास्टिकची असतात, दोन वर्षांत भंगारात जातात. काळं लोखंडी मशीन जन्मभर चालतं. काळ्यावर मलमलीपासून जीन्सपर्यंत सगळं शिवता येतं. पांढऱ्याने वीजबिल फुगतं. ते बिघडलं तर गावात कोणी हात लावत नाही. तरीही पांढरंच हवं असेल तर सगळ्यांत जास्त टाके असलेलं घ्या. आणि शेवटी, पैसे घालवताच कशाला, सरकार फुकट देतंय, ही घ्या लिंक.

मी बावीस वर्षं सांगलीत शिवणक्लास घेते. क्लासमध्ये दोन काळी मशिनं आहेत, तीन पांढरी. तेव्हा काळ्याशी माझं वैर नाही. पण हा मेसेज वाचून एका मुलीने, जिला फक्त बाळाचे कपडे आणि घरातली उसवाउसव करायची होती, दुसऱ्या मजल्यावर पायडलसकट लोखंडी स्टँड चढवून घेतला. आता त्यावर इस्त्रीचे कपडे असतात. म्हणून हे लिहायला बसले.

आधी प्लास्टिकचं बघू, कारण सगळा मेसेज त्यावरच उभा आहे. पांढऱ्या मशीनचं बाहेरचं कवच प्लास्टिकचं असतं, हे खरं. पण बऱ्या कंपनीच्या मशीनचा बाजूचा झाकणपत्रा काढून आत डोकावलंत तर ओतीव ॲल्युमिनियमचा सांगाडा दिसेल, दांडे आणि शटल (खालचा दोरा वरच्यात गुंतवणारा भाग) लोखंडी दिसतील. काही गिअर आणि टाक्यांचा प्रकार ठरवणाऱ्या चकत्या नायलॉनच्या असतात. त्याने आवाज कमी होतो, त्यांना तेलही लागत नाही. जबरदस्ती केली तर झिजतात, हेही खरं. आणि आतून-बाहेरून खरोखर प्लास्टिक असलेली मशिनंही बाजारात आहेत: ऑनलाइन दीड-दोन हजारांत मिळणारी, अडॅप्टरवर किंवा सेलवर चालणारी ती छोटी. मेसेजने या दोघांना एकाच पोत्यात घातलंय. फरक ओळखायचा तर मशीन उचलून बघा. कामाचं पांढरं मशीन पाच-सहा किलोंच्या आसपास भरतं, खेळणं एका हातात येतं. त्याहून स्वस्त म्हणजे स्टेपलरसारखं हातात धरायचं मशीन. ते एकाच दोऱ्याचा साखळी टाका घालतं. शेवटचं टोक ओढलं की अख्खी टीप सर्रकन उसवते. पडद्याला तात्पुरती टीप मारायला ठीक आहे, नेसत्या कपड्याला नाही.

आता काळ्याकडे या. "आजीचं मशीन साठ वर्षं चाललं" असं सगळेच म्हणतात, आणि चाललंही असेल. आजीचं सिंगर बहुधा स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातून आलेलं. तो कारखाना १९८० साली बंद झाला. आज दुकानात नवं काळं मशीन मिळतं ते बरेचदा लुधियानाचं. तिथे चांगलीही बनतात आणि सुटे भाग जुळवून ठोकलेलीही. रंग काळा आणि वर सोनेरी वेलबुट्टी, म्हणून आजीची गॅरंटी आपोआप लागू होत नाही. नवं काळं घेताना सुईचा दांडा दोन बोटांत धरून हलवून बघा. डावी-उजवीकडे खेळ जाणवला तर ते तिथेच ठेवा. चाक हाताने सावकाश फिरवा. मध्येच अडल्यासारखं लागता कामा नये.

शिवाय आजीचं मशीन टिकलं ते काही नुसतं लोखंडामुळे नाही. खंडेनवमीला त्याला हळदकुंकू लागायचं, पण त्याआधी ते पुसून, कापड पुढे सरकवणारे दाते घासून, भोकाभोकात तेल सोडून ठेवलेलं असायचं. मशीनचं तेल, बरं का. माझ्याकडे दर थंडीत निदान एक काळं मशीन "जाम झालंय" म्हणून येतं आणि उघडलं की खोबरेलाचा वास. खोबरेल चोवीस अंशांखाली गोठतं, मग चाक फिरणार कसं?

पांढऱ्या मशीनच्या तक्रारीही अशाच निघतात. मागच्या पावसाळ्यात एक ताई रिक्षातून मशीन घेऊन आल्या. तीन महिने झाले होते घेऊन. "टाके सुटतात, खाली नुसता गुंता होतो, मेसेजमध्ये खरंच होतं." सुई काढून तिच्या टोकावरून नख फिरवलं तर खरखर लागली; टोक वाकलेलं. पहिल्या दिवसापासून तीच सुई. बॉबीनखालचं (खालच्या दोऱ्याच्या रिळाखालचं) झाकण काढलं तर आत बोटभर जाडीचा करडा लोकरीसारखा कचरा. तो ब्रशने काढला, चौदा नंबरची नवी सुई बसवली आणि त्यांना म्हटलं, आता दोरा तुम्हीच ओवा. त्यांनी फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, खाली टाकूनच दोरा ओवायला घेतला. तिथेच सापडलं सगळं. फूट खाली असलं की टेन्शनच्या, म्हणजे वरचा दोरा ताणून धरणाऱ्या, चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यात बसतच नाही, वरून सैल सुटत राहतो आणि खाली गोळा होतो. खाली गुंता दिसला की माणूस खालच्या बॉबीनला शिव्या घालतो. दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचा असतो. फूट वर केलं, दोरा ओवला, टीप सरळ आली. प्लास्टिकचा काही संबंधच नव्हता.

तिसरा मुद्दा, काळ्यावर सगळं शिवता येतं. इथे मात्र मेसेज सरळ खोटं बोलतो. साधं काळं मशीन एकच काम करतं, सरळ टीप. ती इतकी देखणी मारतं की पांढऱ्याला कधीकधी लाजवेल. पण सुई डावीकडे-उजवीकडे सरकत नाही, म्हणजे झिगझॅग नाही, म्हणजे काज नाही आणि कडा बांधून घेणं नाही. आणि ताणणारं कापड तर अजिबात नाही. लेगिंगला सरळ टीप मारून बघा; पहिल्यांदा मांडी घालून बसलं की टरकन दोरा तुटतो, कारण कापड ताणलं जातं आणि टीप ताणली जात नाही. आज घरातल्या कपड्यांत टी-शर्ट, ट्रॅकपँट, लेगिंग, पोरांचे बनियन किती असतात ते एकदा मोजा. तिथे झिगझॅग आणि गोल टोकाची सुई लागते. आणखी एक, पांढऱ्या मशीनचा पुढचा तुकडा काढला की खाली अरुंद हात उरतो. बाही किंवा पँटची मोरी (पायाचा खालचा घेर) त्यात ओवून गोल फिरवत शिवता येते. काळ्याच्या सपाट पाटावर तेच काम करताना बाहीची दुसरी बाजू टीपेत सापडते. माझी किती वेळा सापडली, ते विचारू नका.

पण मलमलीचं नाव घेतलंय मेसेजने, तर त्याला तेवढं श्रेय देते. पातळ कापडाला खरंच काळं बरं. झिगझॅग मशीनच्या पत्र्याला सुईसाठी आडवी फट असते, कारण सुईला दोन्हीकडे जायचं असतं. जॉर्जेट, शिफॉन, मलमल त्या फटीत ओढलं जातं आणि सुरुवातीलाच बोळा होतो. काळ्याच्या पत्र्याला एकच बारीक भोक, कापडाला शिरायला जागाच नाही. पांढऱ्यावर करायचं झालं तर अकरा नंबरची सुई घ्या, कापडाखाली बटर पेपरची पट्टी ठेवून टीप मारा आणि नंतर ती फाडून काढा. वर्तमानपत्र नको, शाई लागते.

आणि जीन्स. पांढऱ्या मशीनवर जीन्स शिवतच नाही, हे मी दुकानदारांच्या तोंडूनही ऐकलंय. सोळा नंबरची सुई घाला. बाजूच्या शिवणीचा जो जाड गठ्ठा असतो, तो आधी हातोडीने ठोकून चपटा करा. फूट त्या गठ्ठ्यावर चढायला लागलं की पुढून वर तरंगतं, दाते कापड ओढत नाहीत आणि सुई वाकते. तेव्हा थांबायचं, सुई कापडातच ठेवून फूट उचलायचं, आणि त्याच जीन्सचा कापलेला तुकडा दुमडून फुटाच्या मागच्या भागाखाली सारायचा. फूट सपाट झालं की ते चार-पाच टाके चाक हाताने फिरवून घ्यायचे. होतं. रोज दहा जीन्स करायच्या असतील तर नाही होणार, पण मग तुमचा तो धंदा आहे आणि ही चर्चाच वेगळी. त्या मेसेजखाली कोणीतरी "डायरेक्ट ज्यूकीच घ्या, टेलर तेच वापरतो" असं लिहिलं होतं. ते कारखान्याचं मशीन आहे. मिनिटाला चारेक हजार टाके, टेबलाला कायमचं जखडलेलं, आणि तेही सरळ टीपच मारतं. नवशिक्या बोटांखाली ते कसं पळतं, हे एकदा बघा म्हणजे कळेल.

विजेचा मुद्दा दोन ओळींत संपतो. पांढऱ्या मशीनच्या मागे पाटी असते, तिच्यावर बहुधा ६० ते १०० वॉट लिहिलेलं असतं. ८५ वॉट धरलं तर सलग बारा तास पायडल दाबून धरलं तेव्हा एक युनिट जळेल. रोज दोन तास शिवलंत तर महिन्याला पाच युनिट. शिवण दाबायला घेतलेली हजार वॉटची इस्त्री तेवढं पाच तासांत खाते, आणि तिला कोणी नावं ठेवत नाही. जिथे भारनियमन आहे तिथे पायाने चालणाऱ्या मशीनचा फायदा आहेच, पण तो बिलाचा नाही.

दुरुस्तीबाबत मात्र मेसेज बरोबर आहे. मला हे लिहायला आवडत नाही, पण आहे. काळं मशीन तालुक्याच्या बाजारात कुठलाही मिस्त्री खोलतो. बॉबीन केसपासून वादीपर्यंत सगळं सायकलच्या दुकानात मिळावं तसं मिळतं. पांढऱ्याला कंपनीचा माणूस लागतो. माझ्याच एका मशीनचा गिअर गेला तेव्हा सात आठवडे "पार्ट मागवलाय" हेच ऐकत बसले होते, आणि मी जिल्ह्याच्या ठिकाणी राहते. म्हणून दुकानदाराला "वॉरंटी किती" एवढंच विचारू नका, ती बॉक्सवर छापलेली असते. सर्व्हिसचा माणूस कोणत्या गावाहून येतो, त्याचा नंबर द्या, म्हणा, आणि पैसे द्यायच्या आधी दुकानात उभं राहूनच त्याला फोन लावा. त्याने उचलला नाही तर तेच उत्तर समजा. विजेचा दाब वरखाली होत असेल तिथे स्क्रीन-बटणांचं कॉम्प्युटराइज्ड मशीन टाळा. फिरवायच्या खटक्याचं साधं पांढरं मशीन घ्या.

जास्त टाके म्हणजे चांगलं मशीन, ही तर जाहिरातीचीच भाषा मेसेजमध्ये आलीय. बॉक्सवर "१३ टाके, २१ प्रकार" असं असतं. त्यातले पुष्कळसे एकाच टाक्याची लांबी-रुंदी बदलून मोजलेले. क्लासमधल्या बायका दोन-तीन वर्षांनी काय वापरतात ते मी बघते: सरळ, झिगझॅग, तीन टप्प्यांचा झिगझॅग, काज, आणि क्वचित साडीच्या फॉलसाठी आंधळी टीप. बदकांची आणि पानांची रांग पहिल्या रविवारी रुमालावर काढली जाते, मग तो खटका कोणी फिरवत नाही. टाके मोजण्यापेक्षा टाक्याची लांबी आणि रुंदी आपल्या हाताने बदलता येते का ते बघा. स्वस्त मॉडेलमध्ये ती ठरलेली असते आणि काज एकतर फार मोठं होतं किंवा फार विरळ.

राहिली लिंक. "प्रधानमंत्री मोफत शिलाई मशीन" नावाने फिरणारा दावा खोटा असल्याचं केंद्र सरकारच्या पीआयबी (माहिती विभाग) फॅक्ट चेकने आधीच जाहीर केलंय. त्या फॉर्ममध्ये आधार आणि बँकेचा तपशील भरला असेल तर आधी बँकेत जा. खरी योजना वेगळी आहे. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेली पीएम विश्वकर्मा. तिच्यात १८ पारंपरिक कामं आहेत, शिंपीकाम त्यात येतं. प्रशिक्षण मिळतं आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत ई-व्हाउचर. पण ती शिवणकाम हाच ज्यांचा व्यवसाय आहे त्यांच्यासाठी, कुटुंबातल्या एकालाच, आणि नोंदणी सीएससी केंद्रावर (सरकारी ऑनलाइन सेवा देणाऱ्या केंद्रावर) अंगठा देऊन होते, व्हॉट्सॲपवरून नाही. काही जिल्हा परिषदांचा महिला व बालकल्याण विभागही अनुदानावर मशीन देतो, ग्रामपंचायतीत विचारा.

जावेला मी एवढं सगळं लिहिलं नाही. तिला तीन चिंध्या पिशवीत घालायला सांगितल्या: जुन्या टी-शर्टची पट्टी, जॉर्जेटच्या ओढणीचा तुकडा आणि जीन्सची मोरी. दुकानात दाखवायला ठेवलेलं कापड नेहमी कडक खळीचं, दुहेरी घडीचं सुती असतं. त्यावर कुठलंही मशीन देखणी टीप मारतं. तिने चिंध्या काढल्या तेव्हा दुकानदार म्हणाला, "वहिनी, नवीन मशीनवर जुनं कापड नको." ती पिशवी उचलून शेजारच्या दुकानात गेली.