गव्हातल्या रानगवताबद्दल खुलासा

जळगाव-धुळ्याच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: कंपन्यांनी प्रयोगशाळेत रानगवताचा अंश घालून आजचा गहू बनवला, तो विषारी आहे, खपली या जुन्या गव्हात मात्र ग्लुटेन (कणकेला चिकट ताण देणारं प्रथिन) नसतं.

गवताचा अंश खरा आहे, पण तो कंपन्यांनी घातलेला नाही. एजिलॉप्स टॉशी हे एकाच हंगामात उगवून वाळणारं रानगवत. कॅस्पियन समुद्राच्या दक्षिणेला, सुमारे ८ ते १० हजार वर्षांपूर्वी, शेतातल्या खपलीच्या जातकुळीतल्या गव्हाशी त्याचा आपोआप संकर झाला. गुणसूत्रं मोजली की हिशेब जुळतो: खपलीची २८, गवताची १४, आपल्या पोळीच्या गव्हाची ४२. १९४४ साली जपानचे किहारा आणि अमेरिकेचे मॅकफॅडन व सीअर्स या शास्त्रज्ञांनी हे नातं स्वतंत्रपणे ओळखलं. आपल्याकडे बायका मांडे हातावर झुलवत खापराएवढे मोठे करतात, तरी कणीक फाटत नाही. त्या ताणात या गवताकडून आलेल्या प्रथिनांचा मोठा वाटा आहे.

खपली जरूर खा, चवीला छानच लागते. पण तिच्यातही ग्लुटेन असतं. सीलिॲक, म्हणजे ग्लुटेन न चालण्याचा आजार, असलेल्या लेकराला ‘खपली चालते’ म्हणून भरवलं तर त्याच्या आतड्याला इजा होते. तेव्हा कळकळीची विनंती, तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.