टाकीवरचा सिग्नल पहाटे चारलाच का जायचा: रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: रिपीटर (मधल्या टेकडीवरून सिग्नल पुढे पाठवणारा रेडिओ) बसवल्यापासून टाकीतली पाण्याची लेव्हल पंपाकडे कळवणारा रेडिओचा सिग्नल अधूनमधून तुटायला लागला, ॲडव्हान्स सेटिंगचा पासवर्ड आम्ही दिला नाही, तुम्ही मॅन्युअलमधला पासवर्ड टाकून पॉवर, स्पीड आणि रिट्राय (उत्तर आलं नाही तर किती वेळा पुन्हा पाठवायचं तो आकडा) वाढवले तर आता रोज पहाटे चारला सगळंच बंद पडतं, फोन कुणी उचलत नाही, आणि व्हिजिटचे 2,500 रुपये घेऊन आमचा माणूस नुसता बघून गेला. रेडिओ हलक्या दर्जाचे आहेत, असं तुम्ही शेवटी लिहिलंय.

रेडिओबद्दलचं वाक्य सोडलं तर बाकी सगळं खरं आहे. मी स्वतः परवा पहाटे साडेपाचला रिपीटरच्या टेकडीवर होतो. तुमचा ऑपरेटर सोबत होता. पेटी उघडून मल्टिमीटर लावला तर 12 व्होल्टच्या बॅटरीवर 10.8 दाखवत होता. रेडिओचा एकही दिवा लागलेला नव्हता. ऊन वर आल्यावर, साडेआठच्या सुमारास, सोलरवर तो आपोआप सुरू झाला.

आता मूळ चूक, आणि ती आमची. तुमची लाइन सुरू केली तेव्हा रिपीटर नव्हता. जॅकवेलचा (नदीकाठच्या पंपाच्या विहिरीवरचा) पीएलसी, म्हणजे पंप चालू-बंद करणारा छोटा संगणक, टाकीला लेव्हल विचारायचा आणि उत्तराची 300 मिलिसेकंद वाट बघायचा. तेव्हा ते पुरत होतं. नंतर मधल्या टेकाडामुळे रिपीटर घातला. आता प्रश्न हवेतून दोनदा जातो, उत्तर दोनदा येतं. एरवी 260 मिलिसेकंदांत काम होतं, पण एक जरी रिट्राय झाला तर 400 च्या वर जातं. तोवर पीएलसीने पुढच्या स्टेशनला विचारलेलं असतं आणि आधीचं उत्तर मागाहून येऊन त्यात मिसळतं. दोन्ही वाया. रिपीटर बसवला त्याच दिवशी पीएलसीचा टाइमआउट, म्हणजे ही वाट बघण्याची वेळ, वाढवायला हवा होता. आमच्याकडून राहून गेलं. तुम्हाला दिसलेले 'कॉम फेल', म्हणजे संपर्क तुटल्याचे इशारे, हे त्यामुळेच.

मग तुम्ही सेटिंग बदलल्या. तुमच्या जागी मी असतो तरी हेच केलं असतं, कारण मेनूत समोर दिसतात त्या याच तीन गोष्टी. पण घडलं असं. पॉवर 100 मिलिवॅटवरून 1 वॅट केल्याने 10 डीबी (सिग्नलची ताकद मोजायचं माप) मिळाले. हवेतला स्पीड 9.6 वरून 76.8 केबीपीएस केला, म्हणजे आठपट. स्पीड दुप्पट केला की रिसीव्हरला साधारण 3 डीबी जास्त सिग्नल लागतो, म्हणजे 9 डीबी गेले. एवढं करून पदरात पडला 1 डीबी. वर रिट्राय 3 चे 10 केल्याने रिपीटर रात्रभर दहापट पॉवरने तेच तेच पाठवत बसला, आणि संध्याकाळी भरलेली बॅटरी चार वाजेपर्यंत संपली. टाकीची लेव्हल कळेनाशी झाली की पंप थांबतो; टाकी भरून वाहू नये म्हणून ते मुद्दाम तसं ठेवलंय. ज्यांची पहाटेची पाळी होती त्यांच्या उसाला त्यामुळे पाणी मिळालं नाही. त्यातले दोघं मला जॅकवेलवर भेटले. चैताच्या उन्हात चुकलेली पाळी म्हणजे काय हे मी शेतकऱ्याच्या घरातलाच असल्याने मला कुणी सांगायला नको. त्याबद्दल मी त्यांची आणि तुमची माफी मागतो.

पॉवरबद्दल आणखी एक. 865 ते 868 मेगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे विनापरवाना वापरता येतो, पण ट्रान्समीटर 1 वॅट आणि ईआरपी, म्हणजे अँटेनाने एका दिशेला एकवटून बाहेर पडणारी पॉवर, 4 वॅट एवढ्याच मर्यादेत. जॅकवेलवर 12 डीबीआयची यागी आहे, म्हणजे सिग्नल एकाच दिशेला जोरात फेकणारी अँटेना. तिला पूर्ण 1 वॅट दिला तर केबलमधली घट धरूनही आपण 4 वॅटच्या पुढे जातो. तेव्हा तिथे कृपया पॉवर वाढवू नका.

परवा काय केलं ते सांगतो. तिन्ही ठिकाणी पॉवर आणि स्पीड पूर्वीसारखे केले, रेडिओचे रिट्राय 3, पीएलसीचा टाइमआउट 1500 मिलिसेकंद आणि पीएलसीचा स्वतःचा रिट्राय 1. सगळ्या स्टेशनांची फेरी आता थोडी सावकाश होते, पण टाकीतलं पाणी काही सेकंदांत चढत-उतरत नाही, अर्ध्या मिनिटाला एक आकडा आला तरी पुष्कळ. काल आणि आज पहाटे सिग्नल तुटलेला नाही.

पासवर्डचं तुमचं बरोबर आहे. माल तुमचा, पैसे तुमचे, सेटिंग तुमच्यापासून लपवून ठेवायचा आम्हाला अधिकार नव्हता. शिवाय मॅन्युअलमध्ये छापलेला पासवर्ड आम्ही बदललाच नव्हता, म्हणजे तो कुणीही टाकू शकला असता. आता नवा पासवर्ड लिहून ऑपरेटरकडे बंद पाकिटात दिलाय, आणि प्रत्येक रेडिओच्या सेटिंगचा छापील कागद पॅनेलच्या दाराला आतून चिकटवलाय. काही बदललंत तर जुना आकडा न खोडता त्याच्या शेजारी तारीख घालून नवा लिहा. रिपीटरच्या लाइनमध्ये एका टोकाचा स्पीड बदलला आणि दुसऱ्याचा राहिला तर दोघं एकमेकांना ऐकूच शकत नाहीत. अशा वेळी तो कागद टेकडीवरची एक फेरी वाचवतो.

2,500 रुपये संस्थेच्या खात्यावर परत केलेत. फोनबाबत: त्या आठवड्यात सर्व्हिसचा मोबाइल एकाच मुलाकडे होता आणि तो दुसऱ्या साइटवर होता. आता तोच नंबर दोघांकडे वाजतो, त्यातला एक मी.

एक काम राहिलंय. टाकीवरचा अँटेनाचा कनेक्टर उघडला तर टेप सुटलेला, आत पितळ हिरवं पडलेलं, आणि उलटा धरल्यावर पाण्याचा एक थेंब बोटावर आला. सध्या तो पुसून, सुकवून परत लावलाय, पण वळवाचा एखादा पाऊस झाला की पुन्हा पाणी शिरेल. नवी केबल आणि कनेक्टर घेऊन गुरुवारी येतो. तासभर पंप बंद ठेवावा लागेल, तेव्हा कुणाचीच पाळी नसेल अशी वेळ तेवढी ऑपरेटरकडून कळवा.