हळदीच्या गाण्याची पट्टी

आमच्या घरात पट्टी म्हणजे दोनच. एक पेटीची, काळी दोन वगैरे, ती माझी. दुसरी अडत्याची, म्हणजे सांगलीच्या मार्केट यार्डात हळद विकली की हमाली-तोलाई कापून हातात पडतो तो कागद, ती अण्णांची. गेल्या वर्षभरात तिसरी निघाली आणि तिनं आम्हा दोघांनाही वेडं केलं.

झालं असं, मी एक हळदीचं गाणं लिहिलं. लग्नातल्या हळदीचं, रानातल्या नाही, तरी अण्णा अजून विचारतात की त्यात सेलम आहे का राजापुरी. चाल मिरजेच्या मित्राची. एका कंपनीतर्फे सगळ्या ॲपवर टाकलं, आपल्या भागात डीजेवाल्यांनी वाजवलं, आणि एक दिवस न्यू जर्सीतनं मामेबहिणीचा व्हिडिओ आला, तिथं कुणाच्यातरी हळदीत आमचं गाणं आणि पोरं नुसती उड्या मारतायत. खाली मेसेज, "दादा, मेकॅनिकल रॉयल्टी घेतोयस ना?"

मला वाटलं स्पीकर दुरुस्तीचं कायतरी असेल.

मग रात्रभर वाचत बसलो. पूर्वी म्हणे आपोआप वाजणारे पियानो होते, कागदाच्या गुंडाळीला भोकं पाडायची, ती आत सरकवायची की गाणं सुरू. गाणं लिहिणारे म्हणाले आमचे पैसे द्या, कंपन्या म्हणाल्या ह्या भोकांचे कसले पैसे, माणसाला वाचता तरी येतात का ही? आणि १९०८ ला अमेरिकेचं सुप्रीम कोर्ट कंपन्यांच्या बाजूनं गेलं. पुढच्याच वर्षी कायदा झाला, दर प्रतीमागे २ सेंट. यंत्रानं वाजणाऱ्या प्रतीचे पैसे, म्हणून मेकॅनिकल. पियानो गेले, रेकॉर्डी गेल्या, कॅसेटी गेल्या, नाव तेच.

हे अण्णांना सांगितलं तर ते वेगळ्याच ठिकाणी अडकले. "दोन सेंट कधीपतूर?"

"१९७७ पर्यंत."

"आरं, अडुसष्ट वर्सं एकच भाव? आन् शेतकरी गप बसतोय म्हणून आमालाच नावं ठेवत्यात!" नंतर तो वाढत वाढत २००६ ला ९.१ सेंट झाला, तिथं २०२२ पर्यंत परत ठप्प, मग २०२३ ला १२. पण हा भाव सीडी नि डाउनलोडचा. स्ट्रीमिंगला तसा ठरलेला भावच नाही, ॲपच्या कमाईतला हिस्सा वाटून येतो. अण्णा म्हणाले, म्हणजे सौदा झाल्यावर भाव कळणार.

आता खरी गोम. मी समजत होतो ती कंपनी दर महिन्याला चार-दोन रुपये टाकते तेच सगळे पैसे. तर ते रेकॉर्डिंगचे. शब्द आणि चाल हे वेगळं रान, त्याचा सातबारा वेगळा. रेकॉर्डिंगला आयएसआरसी नंबर, गाण्याला आयएसडब्ल्यूसी, आणि लिहिणाऱ्या माणसाला आयपीआय, म्हणजे आपला आठ-अ म्हणा. शिवाय गाण्याच्या पैशाला परत दोन पाय, वाजवल्याचे वेगळे, प्रतीचे वेगळे. आपल्याकडं दोन्ही आयपीआरएस गोळा करते, १९६९ पासूनची संस्था, नाव इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी पण मेकॅनिकलही तीच बघते. इंग्लंडात एमसीपीएस, जर्मनीत गेमा, जपानात जासरॅक, असे त्या त्या गावचे अडते, आणि त्यांचे आपसात करार असले की तिकडचा माल इकडं पोचतो. अमेरिकेत स्ट्रीमिंगच्या मेकॅनिकलसाठी एमएलसी नावाची संस्था आहे, तिचा कायदा २०१८ चा. सांगलीच्या हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं तेही २०१८ लाच. हळदीला कागद मिळाला, हळदीच्या गाण्याला मिळायचा राहिला.

ज्या गाण्यांचे मालक सापडत नाहीत त्यांचे पैसे नुसते पडून राहतात. एमएलसीकडं २०२१ ला असे सुमारे ४२ कोटी ४० लाख डॉलर जमा झाले. हा आकडा वाचला आणि मला थेट हरिपूरची पेवं आठवली. जमिनीखाली हळद भरून तोंड बंद, वर्षानुवर्षं टिकायची, फक्त कुठलं पेव कुणाचं ते लिहिलेलं पाहिजे. म्हटलं, त्या पेवात आपलीपण दोन पोती असणार.

तर नाव. कंपनीला गाणं देताना मी हळदच्या स्पेलिंगला शेवटी ए लावला नव्हता, संस्थेत भरताना लावला. आडनाव आधार कार्डावर एक, पॅनवर एक, आणि गाण्यावर मित्राच्या मनानं तिसरंच. आम्ही हिस्से ठरवले होते अर्धे-अर्धे. मी पन्नास टक्के भरले, आणि मित्रानं, "चाल माझीच ना भावा," करत शंभर. गाणं झालं दीडशे टक्क्याचं. पैसे होल्डवर! आठ दिवस आम्ही बोललो नाही, मग मिरजेला जाऊन चहावर मिटवलं, चहाचे पैसे मीच दिले.

त्यात अमेरिकेचा डब्ल्यू-८बेन फॉर्म. मी अमेरिकन नाही हे मला लिहून द्यावं लागलं, आमच्या गल्लीत याबद्दल आजवर कुणाला शंका नव्हती. तो नीट भरला नाही तर तिकडं ३० टक्के टॅक्स कापतात. पत्त्याच्या रकान्यात 'मारुतीच्या देवळामागं' बसेना.

मग बँक. परदेशातनं पैसे आले तर कशाचे सांगायचे विचारायला गेलो, साहेब म्हणाले पर्पज कोड लागेल, कसले पैसे?

"गाण्याचे."

"गाता तुम्ही?"

"नाही, लिहितो."

"मग वाजवणारं कोण?"

"ॲप."

साहेबांनी शिपायाला पाणी आणायला सांगितलं. माझ्यासाठी.

शेवटी परवा स्टेटमेंट आलं. अमेरिकेत सातशेच्या आसपास वेळा वाजलंय, माझ्या वाटणीचे १९ सेंट. सोळा रुपये धरा, भडंगाची छोटी पुडी. आणि तेपण लगेच नाही, थोडे साठले की मग. अण्णांना मोबाईलवर बारीक अक्षर दिसत नाही म्हणून प्रिंट काढली, सहा पानं, पाचनं तीस रुपये.

अण्णांनी चष्मा लावून सगळी सहाच्या सहा पानं वाचली. शून्य पॉइंट शून्य शून्य शून्य सहा, असल्या ओळी बोट फिरवत. मधेच विचारलं, "हमाली कुठं लिवलीया?" म्हटलं, यात हमाली नसते. ते उठले, कोनाड्याशेजारच्या तारेला जुन्या पट्ट्या टोचलेल्या असतात तिथं गेले, आणि ही सहा पानं गेल्या वर्षीच्या हळदीच्या पट्टीवर नीट मधोमध टोचली.

"नाव तरी बरूबर हाय का बघितलंस?"

नव्हतं. शेवटचा ए परत राहिला होता.