मामाची येझदी आणि आमच्या बोळातले डास

घरातलं लिंबूसत्व संपलंय हे बायकोला गौरीजेवणाच्या आदल्या दिवशी कळलं आणि तिथून पुढे ओट्यापाशी माझा जो पंचनामा झाला तो शेजारच्या दोन घरांत ऐकू गेला. लिंबूसत्व कुठाय? पेट्रोलच्या टाकीत. खायचा सोडा? तोही टाकीतच, लिंबूसत्वाच्या मागोमाग, कारण गंज खाऊन झाल्यावर त्या ॲसिडला कुणीतरी मारायला नको का. आणि चिंच? म्हटलं आता लपवून काय उपयोग, कार्ब्युरेटरचे पितळी जेट भिजत घातलेत तिच्यात. वाटीत. कुठल्या वाटीत ते मात्र मी सांगितलं नाही, कारण ती वाटी तिच्या माहेरची होती.

तर या सगळ्याच्या मुळाशी आहे मामाची जुनी मोटरसायकल, येझदी रोडकिंग. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली, २५० सीसी, टू-स्ट्रोक, सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन. १९९६ ला तो कारखाना बंद पडला पण कोल्हापुरात ही बातमी नीट पोचलेली नाहीये असं मला वाटतं, कारण इथं अजून पेठेपेठेत एकतरी माणूस असा आहेच जो येझदीचा विषय निघाला की चहाचा कप खाली ठेवतो. मामाने ऐंशीच्या दशकात या गाडीचं हेडलाइट, स्पीडोमीटर, क्रोमचं मडगार्ड असं सगळं काढून माळ्यावर टाकलं, हँडल वर उचलून घेतलं, सायलेन्सर वाकवून मांडीपाशी आणले आणि मागे दातेरी टायर चढवून उसाच्या रानातनं, बांधावरनं, पन्हाळ्याच्या पायवाटांवरनं पळवली. त्याचं म्हणणं असं की रोडकिंगचं इंजिन मुळात सीझेड या चेक कंपनीच्या मोटोक्रॉस, म्हणजे चिखलमातीतल्या शर्यतींच्या घराण्यातलं, तिला डांबरी रस्त्यावर चालवणं म्हणजे पैलवानाला बँकेत क्लार्क करणं. १९६४ साली ज्योएल रोबेअर नावाचा विशीतला बेल्जियन पोरगा सीझेडवर २५० सीसीचा मोटोक्रॉस जगज्जेता झाला होता हे मामाला पाठ आहे. मामीच्या वाढदिवसाची तारीख अजूनही मामीला विचारतो.

मामाचं गाव प्रयाग चिखली. चिखलात चालणारी गाडी चिखलीत, इथपर्यंत सगळं देवाने जुळवून आणलेलं, पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा आली. धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वर्षी पाणी ५५ च्या वर गेलं. मामा मामीला, दोन म्हशींना आणि जमिनीच्या कागदांना घेऊन बाहेर पडला, येझदी गोठ्यात राहिली. पाणी उतरल्यावर बघितलं तर हँडलवर जलपर्णी, सीटवर गाळ आणि पिस्टन जाम. मग ती तशीच पडून राहिली, तिच्यावर कोंबड्या बसायला लागल्या, आणि गेल्या मे महिन्यात जेवताना मामा सहज म्हणाला की भंगारवाला सोमवारी येणाराय. मला काय झालं देव जाणे, मी हातातला तांबडा रस्सा तसाच ठेवून म्हटलं, मी नेतो. मी. ज्याने आयुष्यात स्वतःच्या स्कूटरचा प्लग कधी बदललेला नाही असा मी.

टेम्पोतनं गाडी आमच्या शिवाजी पेठेतल्या बोळात उतरली तेव्हा आई नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "दादाचं घर पुरात गेलं, आता पूर आपल्या घरी." आणि आत निघून गेली. सख्ख्या भावाच्या गाडीबद्दल हे शब्द.

जाम पिस्टन सोडवायचा म्हणजे प्लगच्या भोकातून डिझेल सोडायचं आणि वाट बघायची. हे मी रोज सकाळी अंघोळ करून, देवपूजेच्या आधी करत होतो, म्हणजे पिंडीवर अभिषेक करावा तसं एक पळी डिझेल. पळी पण देवघरातलीच होती, हे नंतर उघडकीला आलं. अकराव्या दिवशी हेड काढून, लाकडाचा ठोकळा ठेवून मी हातोडा मारला आणि पिस्टन एक केसभर हलला. एक केसभर! मी मामाला फोन केला, मामा तिकडनं ओरडला, "हाल्ला? मर्दा, आता सोडू नगंस तिला!" आणि अर्ध्या तासात एसटीने निघाला. तो आला तो गणपती होईपर्यंत गेलाच नाही.

इंजिन उघडल्यावर आतून जे निघालं त्याचं वर्णन जेवणानंतर वाचणाऱ्यांसाठी टाळतो. पंचगंगेचा गाळ, दोन मेलेले किडे, आणि बेअरिंगच्या जागी बेअरिंगची आठवण. टू-स्ट्रोकचं असं असतं बघा, फोर-स्ट्रोकमध्ये ओढणं, दाबणं, पेटणं, सोडणं ही चार कामं पिस्टनच्या चार वेगळ्या टप्प्यांत, सरकारी ऑफिससारखी निवांत, खाली तेलाचं वेगळं तळं. टू-स्ट्रोकला हे चोचले नाहीत, पिस्टन वर जाताना वरचं दाबतो आणि त्याच वेळी खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या पेटीत, पुढचा घास ओढून घेतो, म्हणजे आमच्या आईसारखं, एका हाताने भाकरी आणि दुसऱ्या हाताने फोन. तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं, लिटरला ४० मिली. पण त्यामुळे क्रँककेस हवाबंद पाहिजे, क्रँकच्या टोकांचे रबरी ऑइल सील जरा जरी गळके असले की बाहेरची हवा आत जाते, मिश्रण पातळ होतं, इंजिन वेड्यासारखं रेस होतं आणि एक दिवस पिस्टन पुन्हा धरतो. शंभर-दोनशे रुपयांच्या सीलसाठी हजारोंचा खड्डा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, इथं कोंबडी फुकट मिळालेली होती, त्यामुळे हिशेबच लागत नव्हता.

उद्यमनगरातल्या लेथवाल्याने सिलिंडरमध्ये बोट फिरवलं आणि डॉक्टर रिपोर्ट बघतात तसा चेहरा केला.

"पुरातली काय?"

"हो."

"पॉइंट पन्नासनं जात न्हाई. पॉइंट पंच्याहत्तर बोअर मारूया. पिस्टन कुठला आणणार?"

बोअर मारायचं म्हणजे सिलिंडर आतून घासून तेवढा रुंद करायचा, मग पिस्टनही तेवढाच मोठा लागतो. मी म्हटलं ऑनलाइन बघतो. तो हसला. मागचा पोरगा पण हसला. शेवटी पिस्टन मामाच्याच माळ्यावर निघाला, पाऊण मिलीमीटर ओव्हरसाइज, १९८९ च्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला. मामाला माहीत होतं, पण तो बोलला नाही, कारण त्याला म्हणे बघायचं होतं मी किती मनावर घेतलंय.

याच सुमाराला डेंग्यूच्या सर्व्हेला आशाताई आल्या. त्यांनी आधी बॅरल बघितलं, मग कुंड्या, मग त्यांची नजर अंगणातल्या चार बादल्यांवर गेली. एकीत कॉस्टिक सोड्यात बुडवलेले सायलेन्सर (आतला कार्बन काढायला, पंधरावीस वर्षांचा काळा थर होता तो), दुसरीत रॉकेलमध्ये गिअर, तिसरीत चेन, चौथीत साधं पाणी, त्यात मात्र खरोखर अळ्या होत्या. ताई म्हणाल्या, "हे ओतून टाका, आणि या बाकीच्यात काय आहे?" मामाने सांगितलं, "त्यात डास पडला तर डास मरतोय, ताई, काळजी नगं." ताईंनी वहीत काहीतरी बराच वेळ लिहिलं. जाता जाता सांगून गेल्या की पुढच्या आठवड्यात या भागात धूर फवारणीची गाडी येईल, खिडक्या उघड्या ठेवा. ती गाडी पुढच्या आठवड्यात आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

आता बेअरिंग. नवीन बेअरिंग ॲल्युमिनियमच्या केसमध्ये हातोड्याने ठोकायची नसतात, केस तापवायची म्हणजे ती फुगते, बेअरिंग गार करायची म्हणजे ती आक्रसतात, मग आपोआप बसतात. म्हणून आदल्या रात्री बेअरिंग प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये, मटारच्या पाकिटाशेजारी. सकाळी बायको देवळात गेल्याचं बघून मी शेगडीवर भाकरीचा तवा ठेवला, तव्यावर अर्धी क्रँककेस पालथी घातली आणि बारीक गॅस केला. किती तापली हे बघायला थर्मामीटर कुठला, आई शेजारी उभी होती, तिने सवयीने ओल्या हाताचे चार थेंब मारले, ते चर्र करून नाचले, ती म्हणाली, "झालाय तवा, घाल." मी बेअरिंग सोडलं. टक्. नुसतं टक्, आणि ते गेलं आपल्या घरात, जणू जन्मापासून तिथंच होतं. मी आणि आई एकमेकांकडे बघत राहिलो. आई म्हणाली, "दुसरं घाल की, का बघालाईस." दुसरं पण तसंच, टक्. मला खरं सांगतो, दहावीला फर्स्ट क्लास मिळाला तेव्हा एवढं बरं वाटलं नव्हतं. त्या दिवशी भाकरीला ऑइलचा वास येतोय असं बायको म्हणाली आणि आईने, माझ्या आईने, माझ्यासाठी, सरळ सांगितलं की पीठच जुनं आहे.

पण सर्कलिपने आमची मस्ती उतरवली. पिस्टनला खालच्या दांड्याशी जोडणारी गजन पिन बाहेर सरकू नये म्हणून दोन्ही बाजूंना एकेक तारेची कडी असते, नखाएवढी. ती नाकाडी पक्कडीने दाबून खाचेत बसवायची. बसवताना क्रँककेसच्या तोंडात फडकं कोंबायचं असतं हे शेंबड्या पोराला माहीत असतं, मला पण माहीत होतं, फडकं माझ्या खांद्यावरच होतं. पक्कड सटकली, टिंग्, आणि सर्कलिप गेली. कुठं? मामा म्हणाला आत. मी म्हटलं बाहेर. मामा म्हणाला, "मी माझ्या डोळ्यानं बघितली आत जाताना." मुलीने शाळेतला लोहचुंबक आणून अख्खं अंगण पिंजून काढलं, त्यात एक टाचणी, दोन खिळे आणि आईची हरवलेली साडीपिन सापडली. तीन तास झाले. शेवटी मामाच्या डोळ्यावर विश्वास ठेवून मी इंजिन परत उतरवलं आणि क्रँककेस परत उघडली, म्हणजे नवीन गॅस्केट फाटली, चार दिवसांचं काम पाण्यात. आत काही नव्हतं. संध्याकाळी मामा जेवायला बसला, सवयीप्रमाणे टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि टोपीच्या घडीतून ती सर्कलिप टुपकन ताटात पडली. लोणच्याशेजारी. कुणीच काही बोललं नाही. मामाने ती उचलली, धुतली, माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "आमटी चांगली झालीया."

मधल्या काळात मित्रांनी एकच सल्ला दिला, २०२२ पासून नवीन येझदी मिळतीये की, ती घे आणि मोकळा हो. ती चांगलीच असेल, पण ती फोर-स्ट्रोक आहे, आणि मामासमोर हा शब्द काढला की तो विषय बदलून उसाच्या दरावर येतो.

अनंत चतुर्दशीनंतरच्या रविवारी संध्याकाळी गाडी उभी राहिली. येझदीला किक आणि गिअर एकच दांडा, आत दाबून वर फिरवला की किक, परत खाली आणला की गिअर, त्यामुळे नवखा माणूस पहिल्या दिवशी नडगी फोडून घेतोच. मी घेतली. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटचा गॅप मी पातीने मोजून अगदी मापात लावलेला, पण टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडायची ते, मामाने 'कानानं' लावलेलं, आणि माझ्या मते तिथंच माशी शिंकली. विसाव्या किकला गाडीने मला उलटा झटका दिला, मी वृंदावनाच्या कट्ट्यावर जाऊन बसलो, आणि इंजिन चालू झालं! ढ्याप, ढ्याप, ढर्रर्र. दोन्ही सायलेन्सरमधून निळा-पांढरा धूर असा काही निघाला की समोरची भिंत दिसेना. मामा पण दिसेना. फक्त आवाज, "सरक! मी बसतो!"

सत्तरीचा माणूस टांग टाकून बसला, पहिला टाकला, क्लच सोडला आणि गाडी मागे गेली.

मागे. टायमिंग फार पुढे असलं, म्हणजे ठिणगी फार लवकर पडली, की किकच्या झटक्याने टू-स्ट्रोक इंजिन उलट्या बाजूला पण मजेत फिरतं, त्याच्या पोर्टांना, म्हणजे सिलिंडरच्या भोकांना, काय फरक पडतो, आणि मग पहिला गिअर हा रिव्हर्स होतो. हे मी नंतर वाचलं. त्या क्षणी आम्हाला एवढंच दिसलं की मामा समोर बघत, दोन्ही हातांनी हँडल धरून, हळूहळू आमच्यापासून लांब चाललाय. अंगणाच्या दारातून तो उलटा बाहेर पडला, बोळात शिरला आणि धुरात नाहीसा झाला. मी मागून, म्हणजे पुढून, पळालो. मुलगी टाळ्या वाजवत होती. बायको सांडग्यांचं ताट उचलून आत पळाली.

बोळाच्या तोंडाशी पोचलो तर धुराच्या ढगातून मामाची टोपी तेवढी दिसत होती, आणि वरच्या मजल्याच्या खिडक्या एकामागून एक फटाफट उघडत होत्या. समोरच्या काकू पदर नाकाला लावून अर्ध्या बाहेर वाकल्या आणि ओरडल्या,

"अहो फवारणीवाले! आमच्या मागच्या गटारीकडं पण जरा मारा की, तिकडंच लई डास हैत!"